नशीब सिकंदर, पण सिकंदर कुठला?

मागच्या अंकात ‘अलेक्झांडर आणि सिकंदर ही एकाच नावाची दोन रूपं’ असं एक वाक्य आम्ही जाता जाता लिहून गेलो. त्यावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळच्या सदरात देत आहोत.

‘अलेक्झांडर’चा ‘सिकंदर’ होतो म्हणता, पण दोन्हींत शेवटचं ‘दर-डर’ सोडलं तर सारखं काय आहे? मधल्या पायऱ्या सांगाल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

मूळ ग्रीक नाव ‘अलेक्सान्द्रोस’. शेवटचा ‘ओस’ हा प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे, आपल्या ‘रामः’मधला विसर्ग असतो तसाच. मराठीत ‘रामः’चा ‘राम’ होताना विसर्ग गळतो. बहुतेक भाषांनी या नावाचा ‘ओस’ तसाच गाळला. उरलं ‘अलेक्सान्द्र’.

आता अरबी. अरबीत ‘अल’ हे नामाआधी लागणारं उपपद आहे. अल-किताब म्हणजे ‘ते पुस्तक’. परक्या नावाच्या सुरुवातीला ‘अल’ ऐकू आल्यावर अरबी कानाला ते उपपदच वाटलं आणि नावापासून सुटं झालं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराला अरबीत आजही ‘अल-इस्कंदरिया’ म्हणतात. ‘अल’ तिथे आहे, पण आता तो नावाचा भाग नाही, उपपद आहे.

‘अल’ गेल्यावर हातात राहिलं ‘एक्सान्दर’सारखं काहीतरी. या नावातली खरी गाठ इथे आहे : ‘क्स’. ही गाठ प्रत्येक भाषेनं आपापल्या परीनं सोडवली. अरबीनं अक्षरांची अदलाबदल केली, ‘क्स’चा ‘स्क’ केला. यात परकं काही नाही. ‘नुकसान’ला ‘नुस्कान’ म्हणणारी माणसं मार्केटयार्डात रोज भेटतात, तिथेही ‘कस’चा ‘स्क’च झालेला असतो. असा झाला ‘इस्कंदर’. फारसी-उर्दूच्या वाटेवर सुरुवातीचा ‘इ’ गळला, ‘स’ला इकार मिळाला आणि ‘सिकंदर’ तयार झाला.

मराठीनं त्यावर आपला हात फिरवला. इकाराच्या शेजारचा ‘स’ मराठीला फारसा रुचत नाही. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशीची शिफारस झाली, त्याच चालीनं खेड्यापाड्यांत ‘शिकंदर’ ऐकू येतो. २०२३ साली पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा मैदानात हे दोन्ही उच्चार ऐकू आले असते तरी एकही चुकीचा म्हणता आला नसता.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला आहे की अलेक्झांडर हे मूळ संस्कृत ‘अलक्षेंद्र’, आणि सिकंदर म्हणजे ‘स्कंद’. यात तथ्य किती?
– एक वाचक, कोथरूड

दोन्ही दावे चूक. गंमत अशी की या नावाचं संस्कृतशी खरं नातं आहे, आणि या संदेशात ते सोडून बाकी सगळं आहे.

‘अलक्षेंद्र’ हे परकं नाव संस्कृत वळणात बसवण्यासाठी मागाहून घडवलेलं रूप आहे. आपल्याकडची या नावाची जुनी कोरीव नोंद अशोकाच्या तेराव्या शिलालेखात सापडते. सम्राट आपल्या समकालीन ग्रीक राजांची यादी देतो : अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. हा अलिकसुदर जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, तो इसवी सनापूर्वी ३२३ मध्येच वारला होता. हा त्याच नावाचा पुढच्या काळातला राजा. ग्रीसमधल्या एपिरसचा की कॉरिंथचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की या रूपात ना ‘अलक्ष’ आहे ना ‘इंद्र’. प्राकृतात ‘क्स’ हे जोडाक्षर चालत नाही म्हणून गाठ फोडून मध्ये स्वर घातला : ‘क-सु’. त्या काळच्या लेखनात अनुस्वार पुष्कळदा लिहीत नसत, त्यामुळे ‘सुंदर’ऐवजी ‘सुदर’ दिसतं.

आता स्कंद. हा शब्द ‘स्कन्द्’ म्हणजे उडी घेणे, उसळणे या धातूवरून आलेला आहे आणि छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी सनत्कुमाराला ‘स्कंद’ म्हटलेलं आहे. ‘इस्कंदर’ हे रूप अरबीनं ‘अल’ तोडल्यानंतरचं, म्हणजे कित्येक शतकांनी अलीकडचं. मागाहून झालेल्या रूपाची ध्वनी जुळतात म्हणून आधीच्या शब्दाशी सोयरीक लावली की घोटाळा होतो. नावांच्या बाबतीत पुष्कळ चुका याच जातीच्या असतात.

खरं नातं असं आहे. ग्रीक नावाचे दोन तुकडे : ‘अलेक्सो’ म्हणजे परतवणे, राखणे, आणि ‘अनेर’ (षष्ठीत ‘अन्द्रोस’) म्हणजे पुरुष. ‘अलेक्सो’चा संस्कृत भाऊबंद ‘रक्ष्’ आणि ‘अनेर’चा ‘नृ’, ‘नर’. दोन्ही ग्रीक शब्दांच्या सुरुवातीला एक ‘अ’ आहे, संस्कृतात तो नाही. हा योगायोग नाही. मूळ भाषेत तिथे एक घशातला ध्वनी होता, ग्रीकनं त्याचा स्वर केला, संस्कृतात तो लोपला. ग्रीक ‘आस्तेर’ आणि आपली ‘तारा’, ग्रीक ‘एरुथ्रोस’ म्हणजे तांबडा आणि आपलं ‘रुधिर’, ग्रीक ‘ओनोमा’ आणि आपलं ‘नाम’, म्हणजेच आपलं ‘नाव’, या जोड्यांतही हेच घडलेलं दिसेल. शिवाय ‘अलेक्सो’तला ‘ल’ संस्कृतात ‘र’ झाला. तेव्हा अलेक्झांडर अर्थानं ‘नररक्षक’ ठरतो. पण हे चुलतभावांचं नातं आहे, बापलेकाचं नाही. ग्रीक संस्कृतातून निघाली नाही, दोघींची आजी एक.

घरी पडताळा घ्यायचा तर क्रम असा ठेवा. नावाचं सर्वांत जुनं लिखित रूप आधी शोधा, अर्थ शेवटी. मग ते नाव कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत गेलं ती दिशा ठरवा. मग प्रत्येक अक्षराच्या बदलासाठी त्याच भाषेतली आणखी दोन-तीन उदाहरणं मिळतात का पाहा, ‘नुस्कान’ आणि ‘शिपाई’ मिळाले तशी. एकही जोडीदार सापडला नाही, तर व्युत्पत्ती ऐकायला कितीही गोड असली तरी बाजूला ठेवा. फारसीतून आलेल्या नावांसाठी १९२५ चा फारसी-मराठी कोश अजूनही उपयोगी पडतो. बाळांच्या नावांच्या पुस्तिकांत अर्थ असतात, पुरावे नसतात.

पुण्याहून शताब्दीनं सिकंदराबादला जाताना दर वेळी प्रश्न पडतो : अलेक्झांडर तिथवर आला होता का?
– एक वाचक, कॅम्प

नाही. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढाई झाली, त्यानंतर तो बियासपर्यंत पोचला आणि सैन्यानं पुढे यायला नकार दिल्यामुळे तिथूनच फिरला. सिकंदराबाद हे नाव १८०६ मध्ये तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्यावरून पडलं. आग्र्याजवळचं सिकंदरा, जिथे अकबराची कबर आहे, ते सिकंदर लोदीवरून. म्हणजे गावाला नाव राजाचं आणि राजाला नाव ग्रीकाचं.

इंग्रजी पाटीवर ‘सेकंदर’ वाचलं जातं त्याचं कारण जुनी स्पेलिंग. आपला ऱ्हस्व ‘अ’ साहेब ‘यू’ या अक्षरानं लिहीत, ‘पंजाब’मध्ये तो आजही टिकून आहे.

आपल्या इतिहासातला सिकंदर मात्र बहुतेकांना आठवत नाही. विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशाह १६७२ मध्ये गादीवर आला तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. शिवराज्याभिषेक झाला तेव्हा आदिलशाही तख्तावर हे पोर होतं. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि उरलेलं आयुष्य त्याचं कैदेत गेलं.

मग ‘नशीब सिकंदर’ कशावरून म्हणतात?
– एक वाचक, भवानी पेठ

त्या विजापूरकरावरून नक्कीच नव्हे! फारसी काव्यपरंपरेत सिकंदर हा जग जिंकणारा, अमृताच्या शोधात अंधाराच्या देशात जाणारा नायक आहे. कुराणात ‘जुल्कर्नैन’, म्हणजे दोन शिंगांचा, अशा एका राजाची कथा येते. अनेक भाष्यकारांनी तो सिकंदरच मानला. ग्रीक नाण्यांवरही त्याच्या कपाळाला इजिप्तच्या अमोन देवाची मेंढ्याची शिंगं दाखवलेली आहेत. एवढं वलय लाभल्यावर नाव विशेषणासारखं चालायला लागलं. उलट जरथुश्त्री, म्हणजे पारशी धर्माच्या, जुन्या पहलवी ग्रंथांत त्याच सिकंदराला ‘गुजस्तक’, म्हणजे शापित, म्हटलेलं आहे, कारण त्यानं त्यांचे धर्मग्रंथ जाळले असं ती परंपरा सांगते.

मुलगी-जावई म्युनिकला असतात. नातवाचं नाव ‘अलेक्झांडर’ ठेवलं आहे. बारशाची पत्रिका इथे छापायची आहे. मराठीत कसं लिहावं? प्रेसवाला तीन वेगवेगळी रूपं दाखवतो.
– एक आजोबा, बाणेर

नातू जर्मनीतला, म्हणून ‘अलेक्सांडर’ लिहा. त्यामागचं कारण कळलं तर पुढे कुठल्याही देशातल्या या नावाला उपयोगी पडेल.

आपलं रुळलेलं ‘अलेक्झांडर’ इंग्रजीवरून आलं. इंग्रजीत या नावातला ‘एक्स’ ‘ग्झ’ असा घोष उच्चारला जातो. मराठीनं स्पेलिंगकडे पाहून ‘क’ घेतला आणि उच्चाराकडे कान देऊन ‘झ’ घेतला, त्यामुळे ‘क्झ’ ही जोडी जमली. अघोष ‘क’ला घोष ‘झ’ चिकटवून म्हणणं जिभेला कठीण जातं. स्वतः म्हणून बघा, तोंडातून ‘ग्झ’ किंवा ‘क्स’च निघेल. शिवाय मराठी ‘झ’ दोन प्रकारचा, ‘माझा’तला वेगळा आणि ‘माझी’तला वेगळा. इथे ‘माझा’तला हवा. पण रूप इतकं रूढ झालंय की इंग्रजी नावांसाठी तेच ठेवावं हे बरं.

जर्मनमध्ये ‘एक्स’ म्हणजे सरळ ‘क्स’. ‘झ’ला जागाच नाही. ‘ड’ मात्र ठेवा. इंग्रजी-जर्मन ‘डी’ हिरडीवर जीभ लावून होतो आणि मराठी कानाला तो ‘ड’ वाटतो. ग्रीक, रशियन, इटालियन, स्पॅनिश, हंगेरियन या भाषांत जीभ दातांकडे जाते, तिथे ‘द’ लिहावा. मराठी छापखान्यांत सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात, ‘अलेक्झांड्रो’ हे न इटालियन न स्पॅनिश असं रूप तिथूनच येतं.

इटलीत हे नाव ‘अलेस्सांद्रो’ होतं. विजेरी घट बनवणारे व्होल्टा याच नावाचे. ‘क्स’ची गाठ इटालियननं एकाच वर्णाचं द्वित्व करून सोडवली. प्राकृतानंही जोडाक्षरांचं हेच केलं : सप्तचं ‘सत्त’, तसं लॅटिन ‘सेप्तेम’चं इटालियन ‘सेत्ते’. आपण पुढे जाऊन ‘सात’ केलं, इटालियन द्वित्वावर थांबली. स्पॅनिशमध्ये जुना ‘श’ घशात उतरून ‘ह’जवळ गेला म्हणून ‘अलेहांद्रो’. पोर्तुगीजमध्ये तो ‘श’ टिकला : ‘अलेशांद्रे’.

हंगेरियन रूप मात्र ओळखूच येत नाही : ‘शांदोर’. पुढचा ‘अले’ गेला, उरलेल्यावर भाषेनं आपला छाप मारला. तिथे रोमन ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो. हंगेरीचे एकोणिसाव्या शतकातले कवी पेतॉफी यांचं नाव मराठीत ‘सांडोर’ छापतात, त्यात एका शब्दात दोन चुका होतात, ‘श’चा ‘स’ आणि ‘द’चा ‘ड’.

पत्रिकेपुरतं : ‘चि. अलेक्सांडर’. ‘आलेक्सांडर’ लिहिलं तरी चालेल, जर्मन ‘अ’ आपल्या ‘अ’पेक्षा उघडा असतो. एकच रूप ठरवा आणि पाकिटावरही तेच ठेवा.

साशा हे मुलीचं नाव ना? मग रशियन पुरुष साशा कसे?
– एक वाचक, कर्वेनगर

साशा हे अलेक्सांद्रचं घरातलं नाव आहे आणि अलेक्सांद्राचंही. सदाशिवचा सदू व्हावा तसं. ओघ सहसा असा सांगतात : अलेक्सांद्र, अलेक्साशा, साशा, साशुरा, शुरा. ‘शुरा’ आणि मूळ नाव शेजारी ठेवलं तर कुणी सांगितल्याशिवाय नातं कळणार नाही. युक्रेनियनमध्ये मूळ नाव ‘ओलेक्सांद्र’ होतं, ‘अ’चा ‘ओ’.

मराठी माणसाला रशियन नावं खरं तर सोपी जायला हवीत, कारण मधलं नाव तिथेही वडिलांचंच. कवी पुश्किन यांचं पूर्ण नाव अलेक्सांद्र सेर्गेयेविच, वडील सेर्गेय. अलेक्सांद्रचा मुलगा ‘अलेक्सांद्रोविच’, मुलगी ‘अलेक्सांद्रोव्ना’. आपण प्रत्यय लावत नाही, ते लावतात, इतकाच फरक.

ॲलिस्टर कुकच्या नावाचाही याच्याशी संबंध आहे असं समालोचक म्हणाले. खरं का?
– एक वाचक, शिवाजीनगर

खरं. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत अलेक्झांडरचं ‘अलस्दर’ झालं, त्यावरून ॲलिस्टर. पुन्हा ‘क्स’ची गाठ, इथे ‘क’च गिळला. स्कॉटलंडच्या गादीवर या नावाचे तीन राजे होऊन गेले, म्हणून तिथे नाव घरोघरी गेलं. ‘सँडी’ हे त्याचंच लाडकं रूप आणि ‘सॉन्डर्स’ आडनावही त्याच मुळाचं. २००६ मध्ये नागपूरला पदार्पणाच्या कसोटीत शतक ठोकणारा कुक हा अशा रीतीनं सिकंदरच!

मुलाचं नाव सिकंदर. जन्मदाखल्यावर इंग्रजीत शेवटी ‘ए-आर’, शाळेत ‘ई-आर’. आता पासपोर्ट काढायचाय. कुठलं धरावं?
– एक पालक, हडपसर

भाषेच्या दृष्टीनं ‘ए-आर’ सरस, कारण मूळ उच्चार ‘दर’ आहे, ‘देर’ नाही. पण कागदपत्रांत सरस-निरस नसतं, सारखं आणि वेगळं एवढंच असतं. जन्मदाखला पाया धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा.

मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्याची प्रत जोडून जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती मागा. दहावीचं प्रमाणपत्र हाती आल्यावर हेच काम कितीतरी लांबतं. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोटीस द्यावी लागते, अर्ज ऑनलाइन होतो. त्यात जुनं नाव आणि नवं नाव अक्षरन् अक्षर तपासा. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिथे चुकलं तर एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते.

पासपोर्टात आडनाव आणि स्वतःचं नाव असे दोनच रकाने असतात. वडिलांचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात घातलं तर विमानाच्या तिकिटापासून परदेशी बँकेपर्यंत तेच चालवावं लागतं. आणि खालच्या यंत्रवाचनाच्या दोन ओळींत, प्रत्येकी ४४ जागांच्या, साधी रोमन अक्षरं, आकडे आणि कोनाची खूण (<) एवढंच मावतं. हंगेरीच्या शांदोरच्या ‘आ’वरची रेघ तिथे उडतेच.

आणखी एक, कारण तशीही दोन पत्रं आहेत : दाखल्यावर बाळाचं नावच घातलेलं नसेल तर जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. ‘ठरलं की घालू’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख दाखल्याच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवावी.

सिकंदरच्या आधी हे नाव कुणाचं होतं का?
– एक विद्यार्थिनी, विद्यापीठ रस्ता

होतं, आणि बरंच आधी. ‘इलियड’मध्ये हेलेनला पळवणाऱ्या ट्रॉयच्या पॅरिसचं दुसरं नाव अलेक्सान्द्रोसच. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात आजच्या तुर्कस्तानातला हित्ती राजा मुवतल्ली दुसरा यानं ‘विलुसा’च्या ‘अलक्संदु’ नावाच्या राजाशी केलेला तह मिळाला आहे, आणि विलुसा म्हणजे ट्रॉय असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच शतकातली ग्रीसमधल्या मायसीनीची एक मातीची पाटी आहे. तिच्यावरच्या लिपीत जोडाक्षरं नाहीत, ‘ल’ आणि ‘र’साठी एकच खूण आहे आणि बंद अक्षरातला ‘न’ लिहीत नाहीत. त्यामुळे नाव ‘अ-रे-का-सा-दा-रा’ असं दिसतं. अशोकाच्या लेखकूनं ‘क्स’ जसा फोडला, तसाच त्याच्या हजारेक वर्षं आधी या लेखकूनंही फोडला होता. पाटीवरचं नाव अलेक्सान्द्रा, एका बाईचं.